नैराश्यावरच्या गोळ्या: सुरू करताना, घेत असताना आणि सोडताना

नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दलच्या तक्रारी नीट ऐकल्या, तर बऱ्याचशा दोन काळांतल्या निघतात. एक काळ गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा, दुसरा ती सोडतानाचा. सुरुवातीला त्रास लगेच जाणवतो आणि गुण उशिरा येतो, म्हणून माणूस घाबरून गोळी टाकून देतो. शेवटी बरं वाटतंय म्हणून एके दिवशी गोळी बंद केली जाते आणि दोन-चार दिवसांत डोकं गरगरायला लागतं. दोन्ही वेळी खापर औषधावर फुटतं. पुढे काय होणार आहे हे आधी कुणी समजावून सांगितलं असतं, तर यातला बराच त्रास टळला असता. म्हणून या लेखात या दोन टोकांना जास्त जागा दिली आहे.

कोणती गोळी, किती आणि केव्हा, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना काय सांगायचं, काय विचारायचं आणि घरी कशावर लक्ष ठेवायचं, एवढं तुमच्या हाती असावं हा इथला हेतू आहे.

गोळी लागणार आहे का, हे आधी ठरू द्या

किमान दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास आहे किंवा कशातच रस वाटत नाही; सोबत झोप-भूक बिघडलेली, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देत राहणं, मरणाचे विचार यांपैकी काही आहे; आणि या सगळ्यामुळे काम किंवा नाती अडली आहेत. असं चित्र असेल तर डॉक्टर नैराश्याचं निदान करतात. तीव्रता मोजायला जगभर ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली वापरतात. गुण ० ते २७ मध्ये येतात. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून तीव्र, असे टप्पे आहेत. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्यावर डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

सौम्य नैराश्यात गोळी हा पहिला उपाय नसतो. संभाषणातून उपचार, विशेषतः विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी सीबीटी, नियमित व्यायाम आणि झोपेची शिस्त यांनी भागू शकतं. मध्यम आणि तीव्र नैराश्यात गोळ्यांचा उपयोग जास्त स्पष्ट दिसतो, आणि गोळी व संभाषणोपचार दोन्ही मिळाले तर एकट्या उपायापेक्षा निकाल चांगला येतो.

अपेक्षाही आधीच जमिनीवर ठेवलेल्या बऱ्या. २०१८ मध्ये २१ औषधांवरच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १,१६,४७७ लोकांची माहिती होती. सगळी औषधं प्लसिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. अमेरिकेत झालेल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधाने लक्षणं पूर्ण गेली असे रुग्ण साधारण तिघांत एक होते. पहिली गोळी लागू पडली नाही म्हणजे आपल्यावर कशाचाच उपाय नाही, असा अर्थ काढणं चूक आहे. दुसऱ्या औषधाने बरे होणारे पुष्कळ असतात.

चिठ्ठीवर ‘नैराश्यविरोधी’ गोळी दिसली म्हणजे निदान नैराश्याचंच आहे असंही नाही. पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके), सततची चिंता, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती टाळता न येण्याचा आजार), आघातानंतरचा मानसिक त्रास यांवर हीच औषधं चालतात. ड्युलोक्सेटिन मज्जातंतूंच्या दुखण्यावर देतात, अमिट्रिप्टिलिन कमी डोसमध्ये मायग्रेन रोखण्यासाठी देतात. कशासाठी दिली आहे हे चिठ्ठी हातात पडतानाच विचारा.

पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना काय सांगायचं

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न घाईत विचारायचा राहून जातो. आयुष्यात कधी असे दिवस आले का, की झोप दोन-तीन तासच होती तरी थकवा नव्हता, बोलणं वाढलं होतं, डोक्यात कल्पनांची गर्दी होती, पैसा उधळला, भलतेच धाडसी निर्णय घेतले, आणि घरच्यांना ‘हा नेहमीचा नाही’ असं वाटलं? उत्तर हो असेल, किंवा जवळच्या नात्यात कुणाला बायपोलर आजार असेल, तर ते सांगायलाच हवं. बायपोलर आजारातलं नैराश्य बाहेरून अगदी साध्या नैराश्यासारखं दिसतं, पण त्यात नुसती नैराश्यविरोधी गोळी दिली तर मन उन्मादाच्या टोकाला जाऊ शकतं. उन्मादाच्या दिवसांत माणसाला स्वतःला छानच वाटत असतं, त्यामुळे त्याच्या आठवणीत ते आजारपण म्हणून नसतं. हा प्रश्न जोडीदाराला किंवा भावंडांना विचारलेला जास्त बरा.

मग चालू औषधांची यादी. त्यात दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेलंही सगळं आलं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, ट्रामाडॉल, मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्या, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, यांतलं काहीही चालू असेल तर नाव घेऊन सांगा. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांसाठी एक बाब फार मोलाची आहे. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि बुप्रोपिऑन यकृतातल्या त्याच एन्झाइमला अडवतात, ज्याच्यामुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरात परिणामकारक रूप तयार होतं. अशा वेळी व्हेनलाफॅक्सिनसारखा दुसरा पर्याय निवडता येतो. फ्लुवोक्झामिन चालू असताना टिझानिडिन हे स्नायू सैल करणारं औषध घ्यायचंच नाही.

फिट्स, काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास, हृदयाच्या ठोक्यांची गडबड, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार, गर्भधारणा किंवा तिचा विचार, दारूचं खरं प्रमाण, हेही सांगा. डॉक्टर बहुधा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगतील, कारण यांतली कमतरता नैराश्यासारखीच दिसते. वय जास्त असेल तर रक्तातलं सोडियम, आणि काही औषधांआधी ईसीजीही काढतात.

कोणती गोळी का

बहुतेक वेळा सुरुवात एसएसआरआय गटातून होते: सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन, फ्लुवोक्झामिन. मज्जापेशींमधल्या जागेत सोडलेलं सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन परत आत ओढून घेणारा एक पंप असतो, ही औषधं त्याला अडवतात. हे काही तासांतच घडतं, पण मन सुधारायला आठवडे लागतात. त्यामुळे ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं होतं, गोळीने भरून काढलं’ हे सोपं स्पष्टीकरण अपुरं आहे. मेंदू त्या बदलाशी हळूहळू जुळवून घेतो आणि गुण त्यातून येतो, असं म्हणणं जास्त रास्त.

गटातल्या औषधांचा गुण साधारण सारखाच असतो. निवड ठरते ती दुष्परिणामांवर, सोबतच्या आजारांवर आणि आधी तुम्हाला काय मानवलं होतं त्यावर. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. एखादा डोस चुकला तर फरक पडत नाही आणि सोडणंही सोपं जातं, पण त्याचे इतर औषधांशी होणारे संबंधही तितकेच लांबतात. पॅरॉक्सेटिन झटकन उतरतं, म्हणून सोडताना जड जातं; त्याने वजनही जास्त वाढतं. सिटालोप्राम जास्त डोसमध्ये हृदयाच्या विद्युतलयीवर परिणाम करतं. म्हणून त्याची दिवसाची मर्यादा ४० मिलिग्रॅम आणि साठीनंतर २० मिलिग्रॅम ठेवतात.

एसएनआरआय गटात, म्हणजे सेरोटोनिनसोबत नॉरएड्रेनालिनचाही पंप अडवणाऱ्या औषधांत, व्हेनलाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन येतात. अंगदुखी किंवा मज्जातंतूंचं दुखणं सोबत असेल तर ड्युलोक्सेटिन उपयोगी पडतं, पण यकृताचा आजार किंवा भरपूर दारू असेल तर नको. व्हेनलाफॅक्सिनचा डोस वाढेल तसा रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा तो मोजत राहायचा. झोप आणि भूक दोन्ही गेली असतील तर रात्री घ्यायचं मिर्टाझापिन अनेकांना मानवतं. त्याने गुंगी येते आणि वजन वाढतं. बुप्रोपिऑनने वजन वाढत नाही आणि लैंगिक तक्रारी कमी होतात, पण फिट्सचा आजार, ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया (खाण्याशी निगडित मानसिक आजार) असलेल्यांना ते देत नाहीत.

अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन ही ट्रायसायक्लिक गटातली जुनी औषधं गुणाला कमी नाहीत. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवीला अडथळा, उठताना चक्कर हे त्यांचे नेहमीचे त्रास. खरा धोका वेगळा आहे: जास्त प्रमाणात पोटात गेली तर ती हृदयाची लय बिघडवतात आणि जिवावर बेतू शकतं. घरात कुणी आत्महत्येच्या विचारांत असेल, किंवा लहान मुलं असतील, तर एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या आणा आणि त्या कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. संकोच न करता पाळावा असा हा नियम आहे, आणि तो नव्या गोळ्यांनाही लागू करावा.

एमएओआय गटातली, म्हणजे सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणाऱ्या एन्झाइमला अडवणारी, फेनेल्झिन, ट्रॅनिलसायप्रोमिन ही औषधं आज क्वचितच दिसतात. त्यांच्यासोबत मुरवलेलं जुनं चीज किंवा आंबवलेले काही पदार्थ खाल्ले तर रक्तदाब एकदम चढतो. एसएसआरआयवरून त्यांच्याकडे जाताना मध्ये दोन आठवडे, फ्लुओक्सेटिन असेल तर पाच आठवडे, मोकळे सोडावे लागतात.

पहिले तीन आठवडे

डोस लहानच असू द्या. सर्ट्रालिन साधारण ५० मिलिग्रॅमने सुरू होतं, पण पॅनिकचा त्रास असेल तर २५ पासून. एस्सिटालोप्राम १० ने, वयस्करांत ५ ने. चिंताग्रस्त माणसाला पहिल्या डोसांनीच बेचैनी वाढल्यासारखी वाटते, म्हणून त्याला निम्म्याने सुरुवात करून आठवड्याने वाढवणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं.

सुरुवातीला मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, घाम, हात थरथरणं, झोप कमी किंवा जास्त होणं यांतलं काहीतरी पुष्कळांना होतं. पोटाचा त्रास का होतो हे समजलं की भीती कमी होते. शरीरातलं साधारण ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे गोळीची पहिली जाणीव मनाआधी पोटाला होते. गोळी काही खाल्ल्यावर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री घ्या, पण रोज एकाच वेळी. हे त्रास बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गोळीचा अंगावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत गाडी चालवू नका. दारू शक्यतो नकोच. ती गुंगी वाढवते आणि नैराश्यही.

डोस विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं, तर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच घ्यायच्या नाहीत.

या काळात एक वही ठेवा. रोज एक-दोन ओळी पुरेत. नोंदी साधारण अशा असाव्यात:

दिवस १. सर्ट्रालिन २५, खाऊन झाल्यावर. दुपारी मळमळ.
दिवस ४. मळमळ कमी. रात्री २ ला जाग. बोटं किंचित थरथरतात.
दिवस ९. एका जागी बसवेना, पाय सतत हलतात. डॉक्टरांना कळवलं. डोस आणखी आठवडाभर तोच ठेवायला सांगितला.
दिवस १६. कुणी न सांगता आंघोळ केली. मन तसंच.
दिवस २३. मैत्रिणीचा फोन उचलला, दहा मिनिटं बोलले. पीएचक्यू-९ चे गुण १७ वरून १२.

सोळाव्या दिवसाची नोंद पुन्हा वाचा. मन तसंच आहे, पण हालचाल परतली आहे. सुधारणेचा क्रम पुष्कळदा असाच असतो: आधी झोप, भूक, हालचाल, आणि मन सगळ्यांत शेवटी. हा फरक घरच्यांना आधी दिसतो, रुग्णाला नाही. म्हणून वहीत एक ओळ घरच्यांचीही असावी. याच क्रमामुळे या आठवड्यांत जास्त सावध राहावं, असं मानसोपचारतज्ज्ञ फार पूर्वीपासून बजावत आले आहेत. अंगात बळ आलं आहे आणि मनातली निराशा अजून गेलेली नाही, अशा दिवसांत माणसाला एकटं सोडू नये.

काही डॉक्टर पहिल्या दोन ते चार आठवड्यांसाठी क्लोनाझेपामसारखी शांत करणारी गोळी जोडून देतात. ती वेगळ्या जातीची आहे, तिची सवय लागते. तिची शेवटची तारीख पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

तातडीने मदत कशासाठी घ्यायची

वय २५ च्या आत असेल तर सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस बदलल्यावर जास्त लक्ष हवं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुलं आणि किशोरांसाठी ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. ज्या चाचण्यांवरून हा इशारा आला, त्यांत आत्महत्येचे विचार किंवा तशी वागणूक गोळी घेणाऱ्या मुलांत ४ टक्के आणि प्लसिबो घेणाऱ्यांत २ टक्के दिसली होती. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात. उपचार न झालेलं नैराश्य हाही जिवाला धोका आहे, म्हणून तरुणांना गोळी देऊच नये असा याचा अर्थ होत नाही. पहिला महिनाभर दर आठवड्याला भेट व्हावी, आणि ‘मरावंसं वाटतं का?’ हा प्रश्न घरच्यांनी थेट विचारावा. असं विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायची वाट मोकळी होते. उत्तर हो आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा गाठा आणि तोवर माणसाच्या सोबत राहा.

आत एक असह्य तळमळ, बसवत नाही, उभं राहवत नाही, कातडीतून बाहेर पडावंसं वाटतं, असं कुणी सांगितलं तर त्याला ‘थोडी घालमेल’ समजून सोडू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे शरीरात सेरोटोनिनचा परिणाम प्रमाणाबाहेर वाढणं, क्वचित होतो. बहुतेकदा दोन औषधं एकत्र आल्यावर किंवा डोस वाढल्यावर, पहिल्या २४ तासांत. थरथर, घाम, जुलाब, धडधड, बाहुल्या मोठ्या, स्नायूंना आपोआप बसणारे झटके, गोंधळलेलं बोलणं, आणि गंभीर झाल्यास ताप व ताठरपणा. अशा वेळी गोळी न घेता थेट रुग्णालयात जा आणि सगळ्या स्ट्रिपा सोबत न्या.

वयस्कर माणसांत दोन गोष्टी घात करतात. पहिली म्हणजे सोडियम घसरणं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या चालू असतील तर, माणूस सुस्त होतो, बोलण्यात गोंधळतो, तोल जाऊन पडतो. घरच्यांना वाटतं नैराश्य वाढलं, आणि गोळी वाढवायचा आग्रह होतो. आधी रक्त तपासा. गोळी सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी सोडियमची एक तपासणी वयस्करांत मागून घ्यावी. दुसरी म्हणजे रक्तस्राव. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स स्वतः सेरोटोनिन बनवत नाहीत. त्या ते रक्तातून, त्याच पंपाने, आत घेतात. पंप अडला की त्यांच्याकडचा साठा आटतो. एकटी गोळी बहुतेकांत निभावून जाते, पण सोबत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आलं की जठरातून रक्त जाण्याचा धोका चढतो. काळी, डांबरासारखी शौच दिसली तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. साध्या अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल हा सुरक्षित पर्याय आहे, आणि दोन्ही औषधं टाळता येत नसतील तर पोटाला संरक्षण देणारी गोळी जोडतात.

झोपेची गरज अचानक संपली, बोलणं आणि बेत भरमसाट वाढले, तर ती सुधारणा समजून खूश होऊ नका. हा उन्माद असू शकतो.

चौथा ते आठवा आठवडा

ठरलेला डोस रोज घेऊन चार आठवडे झाले आणि वहीत काहीच हललेलं नाही, तर ‘अजून थोडं थांबू’ म्हणत महिने काढण्यात अर्थ नाही. गोळी रोज पोटात गेली का, डोस पुरेसा होता का, निदान बरोबर आहे का, थायरॉइड पाहिला का, दारू चालू आहे का, हे पाहायचं. मग डोस वाढवणं किंवा औषध बदलणं. थोडा फरक पडला असेल तर डोस वाढवून आणखी काही आठवडे पाहतात. पीएचक्यू-९ चे गुण निम्म्यावर आले म्हणजे औषध लागू पडलं. ५ च्या खाली गेले म्हणजे लक्षणं गेली. निम्म्यावर समाधान मानू नका. उरलेली लक्षणं आजार परत येण्याची वाट उघडी ठेवतात.

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेशा काळ घेऊनही फरक पडला नाही, तर लिथियम किंवा ॲरिपिप्राझोलसारखं औषध जोडणं, ईसीटी (भूल देऊन मेंदूला दिलेला सौम्य विजेचा झटका), नाकात फवारायचं एस्केटामिन असे पर्याय असतात. इथे मानसोपचारतज्ज्ञच हवा.

गुण आला, पण काहीतरी खटकतंय

लैंगिक तक्रारी या गोळ्यांत फार सामान्य आहेत: इच्छा कमी होणं, उत्कटबिंदूला उशीर लागणं किंवा तो न येणं. लोक लाजेने बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. डोस कमी करून, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनकडे वळून पुष्कळदा मार्ग निघतो. थोड्या लोकांत हा त्रास गोळी बंद केल्यावरही टिकतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१९ मध्ये तशी सूचना औषधांच्या माहितीपत्रकात घालायला सांगितली. ही शक्यता रुग्णाला सुरुवातीलाच कळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

‘रडू येत नाही, पण हसूही येत नाही’ असं सांगणारेही असतात. हा भावना बोथट होण्याचा परिणाम असू शकतो, डोस थोडा उतरवून तो कमी होतो. उरलेल्या नैराश्यापासून तो वेगळा ओळखायला वही कामी येते. वजन महिन्यातून एकदा नोंदवा.

गर्भधारणा कळली म्हणून त्याच दिवशी गोळी बंद करणं, हा आईच्या जिवाशी खेळ ठरू शकतो. आधी डॉक्टर गाठा. पॅरॉक्सेटिन सुरुवातीच्या महिन्यांत टाळतात. सर्ट्रालिन गरोदरपणात आणि स्तनपानात बहुधा पहिली पसंती असते. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असेल तर जन्मल्यावर बाळ काही दिवस किरकिरं किंवा थरथरतं राहू शकतं, म्हणून बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

किती दिवस घ्यायची

लक्षणं पूर्ण गेल्यानंतर आणखी किमान सहा ते नऊ महिने, आणि ज्या डोसवर गुण आला त्याच डोसवर. आजार दोन किंवा अधिक वेळा उलटला असेल, किंवा एखादी खेप फार जीवघेणी होती, तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या आणि सोडायचा विचार करण्याइतपत बरं वाटणाऱ्या लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांत वर्षभरात नैराश्य परतलं, सोडणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांत. म्हणजे चालू ठेवल्याने धोका घटतो, शून्य होत नाही. आणि सोडणाऱ्यांपैकीही बरेच जण नीट राहतात. दोन्ही आकडे समोर ठेवून निर्णय घ्यावा.

सोडताना

या गोळ्यांची व्यसनासारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण शरीर त्यांना सरावतं, आणि अचानक काढून घेतल्या तर तक्रार करतं. चक्कर, मान वळवताना डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होणं, चिडचिड, रडू, विचित्र स्वप्नं, मळमळ, फ्लूसारखी कणकण. २०२४ मधल्या एका एकत्रित अभ्यासात गोळी बंद करणाऱ्या ३१ टक्के आणि प्लसिबो बंद करणाऱ्या १७ टक्के लोकांना अशी लक्षणं जाणवली. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला झाला. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन जास्त छळतात, फ्लुओक्सेटिन सगळ्यांत कमी. वर्षानुवर्षं गोळी घेतलेल्यांना वेळ जास्त लागतो.

‘निम्मी करा, दोन आठवड्यांनी बंद करा’ हा सल्ला अनेकांना का मानवत नाही, ते आकड्यांतून दिसतं. सिटालोप्राम ४० मिलिग्रॅम असताना तो सेरोटोनिनचा पंप साधारण ८६ टक्के अडलेला असतो. २० वर आलं तरी ८० टक्के. ९ मिलिग्रॅमच्या आसपास ७० टक्के. साडेतीनच्या आसपासही निम्मा पंप अडलेलाच असतो, आणि दीड मिलिग्रॅमला ३० टक्के. म्हणजे ४० वरून २० ही नावाला मोठी कपात जवळपास जाणवत नाही, आणि ५ वरून शून्य ही किरकोळ वाटणारी कपात प्रत्यक्षात सगळ्यांत मोठी असते. जिना उतरताना वरच्या पायऱ्या बुटक्या आणि खालच्या उंच असाव्यात, तसं हे आहे. म्हणून शेवटी शेवटी पायऱ्या आपणच बारीक करायच्या.

एस्सिटालोप्राम १० चालू असेल तर डॉक्टरांशी बोलून असा काही क्रम ठरवता येतो: ७.५, ५, २.५, १.२५, मग त्याहूनही थोडं, आणि मग बंद. प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. बारीक डोससाठी द्रवरूप औषध किंवा थेंब उपलब्ध आहेत का ते विचारा; गोळीचे समान तुकडे चाकूने होत नाहीत, गोळी कापायचा छोटा कटर वापरा. हळूहळू विरघळणारी गोळी तोडू नका, आणि व्हेनलाफॅक्सिन किंवा ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणे चावू किंवा कुटू नका. एक दिवसाआड गोळी घेऊन सोडायची युक्ती फ्लुओक्सेटिन वगळता बहुतेकांना जड जाते, कारण रक्तातली पातळी रोज वर-खाली होते.

एखाद्या पायरीवर त्रास झाला तर पुढे रेटू नका. तिथेच थांबा, सोसवेना तर एक पायरी वर जा. महत्त्वाची परीक्षा, घर बदलणं, शोक, नवं बाळ अशा दिवसांत कपात सुरूच करू नये.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. हा सोडण्याचा त्रास आहे की आजार परत आला? कपातीनंतर दोन-चार दिवसांत सुरू झालं, सोबत चक्कर आणि झटके आहेत, आणि पूर्वीच्या डोसवर गेल्यावर एक-दोन दिवसांत निवळलं, तर तो सोडण्याचा त्रास. आठवड्यांनंतर हळूहळू, झटक्यांशिवाय, जुन्याच ओळखीच्या लक्षणांनी डोकं वर काढलं तर आजाराची शक्यता जास्त. हा फरक न केल्यामुळे किती तरी लोक ‘मला गोळीशिवाय जमत नाही’ असं ठरवून ती जन्मभर घेत राहतात.

शेवटची गोळी घेतल्यानंतरही वही बंद करू नका. पहिले सहा महिने दर महिन्याला पीएचक्यू-९ भरा. गुण १० च्या वर जाऊन दोन आठवडे तिथेच राहिले, किंवा नवव्या प्रश्नाचं उत्तर बदललं, तर डॉक्टरांकडे जा आणि मागच्या वेळी कोणत्या औषधाने, किती डोसवर, किती आठवड्यांत गुण आला होता ते वहीतून वाचून दाखवा. बहुतेक वेळा उपचार त्याच औषधाने पुन्हा सुरू होतो.